पॅनेलची उष्णता वाया का घालवायची?

संपादक महोदय,

घरच्या सौर पॅनेलवर पडणाऱ्या उन्हापैकी साधारण २० टक्क्यांचीच वीज होते. उरलेले बहुतेक ऊन पॅनेल तापवण्यात जाते. तापले की वीजही घटते, २५ अंश सेल्सिअसच्या वर दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के. भर दुपारी पॅनेल ६० अंशांवर गेले तर दहावा हिस्सा गेलाच!

मी हौशी खटपट्या. पॅनेलच्या पाठीला तांब्याची नळी लावून पाणी खेळवायचे आणि ते कोमट पाणी आंघोळीला घ्यायचे, ही माझी कल्पना. (अशी तयार पॅनेल मिळतात, पण महाग.) खरी अडचण चिकटवण्याची आहे. मध्ये हवेची फट राहिली की उष्णता पाण्यात उतरतच नाही. असा प्रयोग केलेल्या वाचकांनी काय वापरले, ते जरूर कळवावे.

– एक वाचक