दिल्लीच्या प्रवेशाबद्दल आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई व तीर्थरूप बाबा यांना साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

फोनवर हे सांगायला घेतले असते तर आई, तू पहिल्याच वाक्याला रडली असतीस आणि बाबा, तुम्ही ‘बघू’ एवढेच म्हणून फोन ठेवला असता. सगळे एकदा क्रमाने सांगून व्हावे म्हणून पत्र लिहिते आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाच्या एम. ए.साठी माझी निवड झाली आहे. प्रवेशाचे शुल्क मी भरले आहे आणि कंपनीत राजीनामाही दिला आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना ‘पोरीला अजून थांबवता येईल’ अशी आशा तुम्ही धरून बसणार नाही.

पहिला प्रश्न माझ्या चौतीस वर्षांच्या वयाचा निघेल, कारण तो आत्याच्या तोंडून निघणारच आणि तिला उत्तर तुम्हांलाच द्यावे लागेल. या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची पदवी चालते, त्यामुळे माझे बी. कॉम. आड आले नाही. प्रवेश परीक्षा संगणकावर होते आणि तिला वयाची अट नाही. माझ्या वर्गात बावीस-तेवीस वर्षांची मुले असतील हे खरे आहे, पण त्यांतल्या कितीजणांनी न्हावाशेवाहून सुटणाऱ्या कंटेनरची कागदपत्रे स्वतःच्या हातांनी भरली असतील? माझ्या वयाची मला लाज वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही म्हणाल, द्राक्षे पाठवणाऱ्या कंपनीत एवढी वर्षे काढलेल्या मुलीला परराष्ट्र संबंधांचे काय पडले आहे? बाबा, मला ते याच नोकरीत पडले. २०१० साली युरोपात आपल्याकडची द्राक्षे अडली, कारण त्यांच्यात वेलीची वाढ रोखायला वापरल्या जाणाऱ्या सीसीसी या रसायनाचे अंश सापडले आणि तिकडची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. त्या उन्हाळ्यात आपल्या घरात काय झाले ते मी पुन्हा लिहीत नाही. आईच्या पाटल्यांचा विषय या घरात कोणी काढत नाही, मीही काढणार नाही. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न राहिला, की ०.०५ हा आकडा ठरवला कोणी? तो ज्या खोलीत ठरला तिथे तासगावच्या बागायतदाराच्या बाजूने बोलणारा कोणी होता का? नोकरीत आल्यावर हळूहळू कळले, की जागतिक व्यापार संघटनेचा अन्नसुरक्षा आणि वनस्पती-प्राण्यांच्या आरोग्याबद्दलचा एक करार आहे, तो १९९५ पासून लागू आहे, आणि त्यानुसार एखादा देश शास्त्रीय आधार दाखवून आंतरराष्ट्रीय मानकांपेक्षा कडक मर्यादा घालू शकतो. ती आंतरराष्ट्रीय मानके कोडेक्स नावाच्या मंडळाच्या समित्यांत ठरतात. तिथे प्रत्येक देशाची माणसे जातात, पण ज्यांची प्रयोगशाळा मोठी आणि ज्यांची तयारी पक्की, त्यांचे म्हणणे पुढे सरकते. आपल्याकडे पुढे तपासणी कडक झाली, निर्यातीच्या द्राक्षांसाठीच्या ग्रेपनेट या संगणकीय यंत्रणेवर प्लॉटची नोंद, नमुने, अहवाल हे सगळे तुम्ही शिस्तीने केलेत, आणि त्याचे फळही मिळाले. ते आपण नियम पाळायला शिकलो. नियम घडतात कसे, हे शिकायला मी जाते आहे.

दुसरी वेळ अलीकडची. २०२३ च्या नोव्हेंबरात येमेनच्या हुथी बंडखोरांनी गाझातल्या युद्धाचे कारण देऊन तांबड्या समुद्रात एक मालवाहू जहाज पळवले आणि त्यानंतर जहाजांवर हल्ले सुरू झाले. बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी जेमतेम तीस किलोमीटर रुंद आहे, म्हणजे आपल्या तासगावाहून सांगलीला जाण्याएवढेच अंतर. तेवढ्या फटीतून सुएझकडे जाणारा माल थांबला आणि मोठ्या कंपन्यांची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागली. रॉटरडॅमला पोहोचायला दहा-पंधरा दिवस जास्त, भाडे दुपटी-तिपटीच्या वर, आणि आत आपला माल, ज्याचा देठ हिरवा राहण्याचे दिवस मोजलेले. जानेवारी ते एप्रिल हाच आपला हंगाम आणि नेमके तेव्हाच हे झाले. त्या महिन्यांत बागायतदारांचे फोन मी घेत होते. ‘गाझाच्या लढाईचा आणि माझ्या सोनाका द्राक्षांचा संबंध काय?’ असे एका काकांनी मला विचारले, आणि मी जे उत्तर दिले ते वर्तमानपत्रात वाचलेले होते, माझे स्वतःचे नव्हते. ते मला फार लागले. अपमान झाला म्हणून नव्हे. त्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते शिकता येते, हे ठाऊक असूनही मी पुढच्या कंटेनरचे बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाची पावती, भरत राहिले म्हणून.

बाबा, हा विषय माझ्या डोक्यात तुम्हीच घातलात, त्यामुळे निम्मा दोष तुम्ही घ्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला टोपीकरांवरचा, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांवरचा उतारा तुम्ही नववीच्या वर्गाला शिकवत होतात आणि मी सहावीत असून मागच्या बाकावर येऊन बसत होते. टोपीकर सावकारी करतात, पण ते इतर सावकारांसारखे नाहीत, त्यांच्या मागे त्यांचे राज्य उभे आहे, त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये, असे अमात्य सांगतात, आणि तुम्ही पुस्तक मिटवून विचारायचात, की मग आजचे टोपीकर कोण? वर्गात कोणालाच उत्तर येत नसे. व्यापाऱ्याच्या मागे राज्य उभे असते हे तीनशे वर्षांपूर्वी आपल्याच माणसाने लिहून ठेवले आहे, आणि मी त्याचाच पुढचा धडा शिकायला निघाले आहे, असे तुम्ही हेडसरांना सांगितले तरी चालेल. पणजोबांचा इराकमधल्या बसऱ्याचा तांब्या मात्र मी नेणार नाही, तो तिथेच देवघरात राहू द्या.

विद्यापीठाबद्दल तुमच्या मनात काय आहे हे मला माहीत आहे. २०१६ पासून टीव्हीवर जे दाखवले गेले, आणि २०२० च्या जानेवारीत तोंड बांधून आलेल्या लोकांनी वसतिगृहात मारहाण केली, ते तुम्ही पाहिले आहे. ते घडलेच नाही असे मी म्हणणार नाही. पण तिथे हजारो मुले-मुली रोज नुसती अभ्यास करतात आणि त्याची बातमी होत नाही. मी ज्या प्रशालेत जाते आहे ती विद्यापीठाहूनही जुनी आहे: १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये ती स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७० साली या विद्यापीठात आली. ती उभी करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते हृदयनाथ कुंझरू गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे होते आणि पुढे त्याचे अनेक वर्षे अध्यक्षही होते. पुण्याच्या त्या समाजाबद्दल तुम्ही किती आदराने बोलता, ते मला आठवते. आपल्या देवराष्ट्र्याचे यशवंतराव परराष्ट्रमंत्री असताना, १९७६ साली, चीनशी राजदूतांची देवाणघेवाण दीर्घ खंडानंतर पुन्हा सुरू झाली आणि के. आर. नारायणन बीजिंगला गेले. तेच पुढे या विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि नंतर राष्ट्रपती. तेव्हा घराण्याचे नाव वाईट ठिकाणी जाते आहे असे समजू नका. मोर्चे, घोषणा यांबद्दल मी एवढेच सांगते, की चौतीस वर्षांच्या बाईला कुठे उभे राहायचे ते कळते. ऐकायला मात्र मी जाणार, कारण न ऐकता हा विषय कळणार नाही.

पैशांचे सांगते. शिकवणीचे शुल्क तिथे नाममात्र आहे, आपल्या सांगलीतल्या कोणत्याही खासगी महाविद्यालयाच्या तुलनेत जवळजवळ नाहीच. खरा खर्च राहण्याजेवणाचा आहे आणि तो दोन वर्षे पुरेल इतके मी साठवले आहे. बागेवर, घरावर, सोसायटीवर एक रुपयाही घ्यायचा नाही, दादाला तसे सांगून ठेवले आहे. तुमच्या दोघांच्या आरोग्य विम्याचा हप्ता माझ्या खात्यातून आपोआप जातो, तो तसाच जाईल. लग्नासाठी म्हणून आईने जे ठेवले आहे ते तिने ठेवावे, मी त्याला हात लावणार नाही. त्या विषयावर आपण डिसेंबरात समोरासमोर बोलू, पत्रात नको.

आई, आता तुझ्यासाठी. वसतिगृह लगेच मिळत नाही, यादी लागायला वेळ जातो, तोवर विद्यापीठाजवळच्या मुनिरक्याला कंपनीतल्या एका मैत्रिणीच्या बहिणीबरोबर खोलीत राहणार आहे. मुलगी कोल्हापूरची आहे, त्यामुळे तांबड्या रश्श्याची काळजी मिटली. वसतिगृहांना तिथे नद्यांची नावे आहेत आणि त्यांत मुलींचे एक कोयना आहे. मला कोणते मिळेल ते माझ्या हातात नाही, पण मामाला सांग, की त्याच्या कराडच्या नदीकाठी राहण्याची मी खटपट करीन. मेसमध्ये राजमा, छोले, पोळ्या असतात, भाकरी नसते. तू बाजरीचे पीठ देशील ते खराब होईल, त्यामुळे पीठ देऊ नकोस. शेंगदाण्याची चटणी, कुळथाचे पिठले करायचे पीठ आणि आपला बेदाणा दे. पिवळा नको, वर्गातल्या मुलांना वाटायचा आहे, हिरवा सुटसुटीत दे. थंडी कडक असते हे मी ऐकले आहे. रजई तिथेच घेते, तुझी गोधडी मात्र नेते. ती अंगावर आली की मला अजून बेदाण्याच्या शेडचा वास येतो. रॅकवर घड टाकून झाले की तू आम्हां दोघांना खालीच पथारीवर निजवायचीस, वर जाळीतून टपटप थेंब पडायचे, आणि मी भ्याले की तू अंधारात नुसता हात पुढे करायचीस, बोलायची नाहीस, कारण बाजूला मजूर बायका झोपलेल्या असायच्या. आई, दिल्लीत पहिल्या रात्री मला तुझा तो हात लागणार आहे, हे तुला सांगितले तर तू रडशील, म्हणून पत्रात सांगते.

दिवाळीला तिथे मोठी सुट्टी नसते. पहिले सत्र डिसेंबरात संपते, तेव्हा येईन. म्हणजे ऑक्टोबर छाटणीला मी नसणार आणि छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावायच्या दिवसांत आईबरोबर डबे उतरवायला कोणी नसेल, हे मला कळते. दादाने तेवढे आठ दिवस रजा टाकायचे कबूल केले आहे आणि वहिनीनेही. तो विसरला तर मला कळवा, मी बघते.

आता दोघांनीही नीट ऐका. बाबा, बागेत डावणी रोगावरची फवारणी करताना तुम्ही तोंडाला उपरणे बांधता, ते पुरत नाही. मी मास्क आणि हातमोजे कुरिअरने पाठवले आहेत, ते कपाटात ठेवण्यासाठी नाहीत. साखर दर पंधरा दिवसांनी तपासायची आणि आकडा मला व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, ‘ठीक आहे’ असा निरोप मी आकडा म्हणून धरणार नाही. बेदाणा चाखून बघायचे काम आता दुसऱ्या कोणाला द्या. शेडच्या शिडीवर चढायचे नाही. आई, गुडघ्याच्या डॉक्टरांनी दिलेले व्यायाम बसल्या बसल्या करायचे आहेत, त्याला ‘वेळ मिळाला तर’ अशी सवलत नाही, आणि गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, एकादशीलाही नाही. पांडुरंग त्यावरून रागावत नाही. मी थोडी जोरात बोलते आहे असे वाटले तर वाटू द्या. एवढ्या लांबून हळू बोलून ऐकू येणार नाही.

बाबांच्या डोळ्याच्या मोतीबिंदूची तारीख सप्टेंबरची आहे. ती माझ्यासाठी पुढे ढकलायची नाही. दादा मिरजेला घेऊन जाईल, मी तेव्हा फोनवर असेन, आणि पट्टी निघाली की वाचायला म्हणून तुम्हांला माझ्या पहिल्या सत्राच्या विषयांची यादी पाठवीन, तिच्यावर तुमच्या लाल शाईच्या खुणा करून परत पाठवा. पुढच्या वर्षी हंगाम उरकला की तुम्ही दोघे गोवा एक्स्प्रेसने मिरजेहून बसा आणि निजामुद्दीनला उतरा, मी फलाटावर असेन. खालच्या बर्थची तिकिटे मी काढते, तुम्ही त्या दलालाकडे जाऊ नका.

माझे सामान न्यायला मी रविवारी घरी येते आहे. तोवर हे पत्र तुम्ही दोनदा तरी वाचलेले असेल. राग असेल तर तो जेवण झाल्यावर काढा, कारण मी पहाटेच निघणार आहे आणि भूक लागलेली असेल.

तुमची,
लाडकी आणि हट्टी लेक