यष्टी सुटतीया का तुमची?

ती. आई-बाबांस,
सा. न.

रविवारी फोन तीनदा तुटला म्हणून शेवटी लिहायलाच बसले. रेंजसाठी देवळामागच्या चढावर जावं लागतं, आणि तिथे वारा इतका की आईच्या "काय? काय?"मध्येच निम्मा वेळ जातो.

आधी काळजीचं. आई, माश्या माणसांवर तुटून पडल्याचं तू पेपरात वाचलंस, ते आग्या मोहोळ. ते कड्याला नाहीतर उंच फांदीला उघड्यावर लटकतं, आणि खवळलं की माणसाला पळता भुई थोडी होते. मी पाळते त्या सातेरी मधमाश्या. अंगाने लहान, झाडाच्या ढोलीत अंधारात पोळी बांधून राहणाऱ्या, म्हणून तर लाकडी पेटीत नांदतात. चावत नाहीत असं मुळीच नाही. काटा आपल्या अंगात तुटून राहतो आणि त्याची विषाची पिशवी नंतरही चालूच असते, म्हणून तो लगेच नखाने खरवडून टाकायचा. झालं.

महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षण घेतलं, तेव्हा सगळं वहीत नीट उतरवून घेतलं होतं. पण हाताला शिकवलं ते मांघरच्या एका काकांनी. मांघर म्हणजे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं ते. पहिल्या वर्षी मी त्यांच्यासमोर पेटी उघडली. पाच मिनिटांत पोळ्यांच्या सगळ्या चौकटी बघून टाकू, असा हिशोब. ऑफिसची सवय, दुसरं काय. दुसरी चौकट झटक्यात उचलली, ती कडेला घासली, चार-दोन माश्या चिरडल्या. पुढचं सांगत नाही. सात ठिकाणी सुजलं होतं, एवढंच. काका दहा पावलांवर तंबाखू मळत उभे. म्हणाले, "ताई, यष्टी सुटतीया का तुमची?"

पुढच्या आठवड्यात ती पेटी रिकामी. सातेरीचं असंच आहे. घरात त्रास वाटला की राणीसकट सगळं बिऱ्हाड उठतं. ना भांडण, ना नोटीस.

आता मी पेटीच्या बाजूला उभी राहते, त्यांच्या दारासमोर नाही. गोणपाटाचा तुकडा पेटवून दोन-तीन फुंकरी धूर देते. धूर आला की त्या मध पिऊन घेतात आणि पोट भरलं की जरा सुस्तावतात. मग झाकण काढायचं आणि थांबायचं. आवाज ऐकायचा. एकसारखी गुणगुण असली तर चौकट सरळ वर घ्यायची, आई गार दुधावरची साय न मोडता उचलते तशी. आवाज चढला तर हात जिथे आहे तिथेच. कधीकधी एका पेटीला अर्धा तास जातो, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

बाबा, असंच थांबलेलं असताना मला दिवाळी आठवली. तुम्ही देवघरातला पिन-सॉकेट बदलत होतात. स्क्रू खाचेत बसत नव्हता, हात थोडा हलत होता. मी तुमच्या हातातून स्क्रूड्रायव्हर ओढून घेतला आणि म्हटलं, "द्या इकडे, तुमचं दिवसभर चालेल." तुम्ही गॅलरीत जाऊन बसलात. चहालाही आत आला नाहीत. मी दोन मिनिटांत सॉकेट बसवला आणि वर लॅपटॉप उघडला. त्या दोन मिनिटांचं मी काय केलं, ते आता सांगताही येणार नाही.

आईकडून कळलं की तुम्ही "आता आपला काही उपयोग नाही" असं म्हणता. तर ऐका, इथे कामं आहेत. पावसाळ्यानंतरच्या हंगामासाठी पन्नासेक चौकटींना तारा ओढायच्या आहेत. तार ताणून, खिळ्याला पीळ देऊन, त्यावर मेणपत्रा, म्हणजे माश्या ज्यावर पोळं बांधतात तो मेणाचा पातळ पत्रा, बसवायचा. घाई केली की मेणपत्रा चिरतो. माझे बारा चिरले. पडवीत सावली आहे, खुर्ची आहे, पेट्या तिथून लांब आहेत, आणि चहा मी देईन.

जांभळाचा मध निघाला, हिरड्याचा अजून पिकतोय. पातळ मधाला माश्या पंखांनी वारा घालून आटवतात आणि मगच वर मेणाचं झाकण लावतात. झाकण नसलेला मध आपण काढला तर तो आंबतो. जांभळाचा काळपट, शेवटी जिभेवर किंचित कडवट. बाबा, "जांभळाचा मध डायबेटिसला चालतो" असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. मध तो मधच, साखर वाढवणारच. तुम्हाला बोटावर थेंबभर चाटायला मिळेल.

राहण्याचं म्हणाल तर एक खोली, पडवी, चूल आणि एक गॅस. फ्रिज नाही, भाजी रोजची रोज. वीज जाते तेव्हा आठला झोपते, नाहीतर साडेआठला. जूनपासून इथला पाऊस महिना-महिना उघडत नाही, माश्यांना बाहेर पडता येत नाही, तेव्हा त्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. म्हणून म्हणते, त्याआधी मेमध्येच या. वाईपर्यंत एसटीने या, तिथून मी घेऊन येते.

बाबा, कपडे पांढरे आणा, गडद रंगाला माश्या बिचकतात. आणि तो लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणा. इथला माझा बोथट आहे.

तुमची,
शमू

ता. क. आई, प्रवासात केळी घेतलीस तर वाटेतच संपवा. माशी चावली की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो, आणि तो बाकीच्यांना धावून यायचं बोलावणं असतो. मला हे कळलं तेव्हा माझ्या खिशात साल होतं.