बुंदीचं जेवण टपालानं येतं

रेडिंग, इंग्लंड, 14 सप्टेंबर

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा सईनं ‘आजी, आम्ही पाल पाळलीये’ म्हटलं आणि तू ‘शी!’ म्हणून फोन सरळ बाबांच्या हातात दिलास. तेव्हाच ठरवलं, हे पत्रातच लिहायचं. म्हणजे तुला मध्येच उठून जाता येणार नाही.

तर हो, पाल. तीही पैसे मोजून आणलेली. ट्यूबलाइटमागची पाल तू केरसुणीनं हाकलायचीस, ती चुकचुकली की ‘कृष्ण कृष्ण’ म्हणत बोटानं जमीन वाजवायचीस, ते सगळं मला आठवतंय. पण ही चुकचुकत नाही आणि भिंतीवरही चढत नाही. हिच्या बोटांना चिकटायच्या गाद्याच नाहीत, नुसती नखं. जातीचं नाव लेपर्ड गेको. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून सईनं नाव ठेवलं बुंदी.

आणि हिला पापण्या आहेत! आपल्या घरातल्या पालीला नसतात, ती जिभेनं डोळे पुसते. बुंदी दुपारी दगडाला गाल लावून डोळे मिटून झोपते. जरा आवाज झाला की एकच डोळा अर्धा उघडून बघते आणि परत मिटते. तोंडावर पेपर घेऊन पडलेले बाबाच. कात टाकली की स्वतःच खाऊन टाकते, कचरा नाही. नीट सांभाळलं तर वीस वर्षंही जगते म्हणे, तोवर सई नोकरीला लागलेली असेल.

हिची जात अफगाणिस्तान-पाकिस्तानकडची, पण एक चुलत बहीण गुजरातेत आणि आपल्या महाराष्ट्रात खडकाळ माळावर राहते. बाबांना सांग, फिरायला जाताना दिसली तर विषारी समजून कुणाला मारू देऊ नका. तिला विष नसतंच. इथे विषारी साप पाळायला 1976 च्या कायद्यानं परवाना लागतो, हिला काही लागत नाही. घरमालकाची परवानगी तेवढी लागली, तिलाच दोन महिने गेले.

आता जेवण. जिवंत रातकिडे, टपालानं येतात! आधी त्यांना गाजर खाऊ घालायचं, मग कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून बुंदीपुढे सोडायचे. गेल्या महिन्यात माझ्या हातून डबा ओट्यावर आडवा झाला. चाळीसेक तरी असतील, सगळे पसार. हे टॉर्च घेऊन फरशीवर पालथे, सई वाटी घेऊन मागे. बरेच सापडले. एक मात्र फ्रिजमागच्या उबेत जाऊन बसला आणि रात्री अकराला सुरू झाला. या देशात पाऊस वर्षभर, पण रात्री चिडीचूप. मी पाणी प्यायला उठले होते, ती ओट्याला टेकून उभीच राहिले. ह्यांना म्हटलं, त्याला राहू दे. बारा दिवस गायला.

मागच्या अंगणात हेजहॉग येतो. साळिंदराचं पिल्लू वाटेल, पण नातं काही नाही. शेजाऱ्यांना विचारून कुंपणाच्या फळीला तळाशी तेरा सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडलंय, तेवढं त्याला पुरतं. तू दूध ठेवायला सांगशील, पण त्याला दूध बाधतं. बशीत पाणी आणि मांजराचं खाणं ठेवते. खाताना इतका मचमच करतो की खिडकी बंद असली तरी कळतं. थंडी पडली की मार्चपर्यंत झोपेल, म्हणून सध्या चरणं चाललंय.

कोल्हाही येतो. रस्त्यावरच्या कुत्र्यासारखा निवांत. मागच्या दाराबाहेर ठेवलेली माझी कोल्हापुरी चप्पल, डावी, मंगळवारी नेली. उजवी कशी काय ठेवली, देव जाणे. तुम्ही मे महिन्यात याल तेव्हा एक जोड आणा, सात नंबर. चामड्याचीच आण, मी आत ठेवीन.

बाबांना नमस्कार.

तुझी,
मनू

ता. क. बुंदीची पेटी तुमच्या खोलीत नाही.