आईच्या पायाला झालेली जखम आणि तपासणीची खोटी नोंद: तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ज्येष्ठांच्या पायांच्या घरपोच निगेत झालेला निष्काळजीपणा

स.न.वि.वि.

माझी आई ७८ वर्षांची आहे, २२ वर्षांपासून मधुमेही. तिला वाकता येत नाही, नजरही अधू झाली आहे, म्हणून आपली सेवा घेतली आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. पहिल्या दोन वेळा आलेल्या सिस्टर फार चांगल्या होत्या. नखं सरळ कापायच्या, कोपरे कोरायच्या नाहीत, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून नीट बघायच्या.

गेल्या मंगळवारी मात्र दुसराच मुलगा आला. त्याने गरम पाणी मागितलं. त्यात स्वतःचा हात घालून न बघता आईलाच विचारलं, "आजी, चालेल ना?" आई "चालेल" म्हणाली. तिच्या तळव्यांना गरम-गार कळत नाही, हे मी नोंदणीच्या अर्जात लिहून दिलं होतं. तो अर्ज त्याने वाचला होता का? मी स्वयंपाकघरात असताना त्याने करंगळीजवळचं कुरूप ब्लेडने तासलं. संध्याकाळी मोजा काढायला गेले तर तो बोटाला चिकटलेला, आत रक्त वाळून काळं पडलेलं. आईला काही दुखलंच नव्हतं. आता रोज ड्रेसिंग चालू आहे. अशी जखम चिघळून माझ्या आत्याचं बोट काढावं लागलं होतं, त्यामुळे घरात कुणाला धड झोप नाही.

त्याहून गंभीर म्हणजे आपल्या ॲपवर त्याच दिवशीची नोंद आहे, "पायांची संवेदना: सामान्य." ही तपासणी १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या जाड धाग्याने करतात. डोळे मिटायला सांगून तो तळव्याला टेकवतात आणि कळलं का ते विचारतात. आईला कुणी डोळे मिटायला सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तोच धागा दहा ठिकाणी टेकवला, तिला दोनच ठिकाणी कळला.

माझी मागणी अशी: उरलेल्या महिन्यांचे पैसे आणि उपचारांचा खर्च परत करावा, ती नोंद दुरुस्त करावी आणि या मुलाला कोणतं प्रशिक्षण दिलं ते लेखी कळवावं. शिवाय त्या आठवड्यात तो ज्या ज्या घरी गेला, तिथे जाणकार नर्स पाठवून सगळ्यांचे पाय तपासून घ्यावेत. ही मागणी सर्वांत तातडीची आहे, कारण त्यातले काही जण एकटे राहत असतील आणि त्यांचा मोजा काढून बघायलाही कुणी नसेल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे तक्रार करेन.

आपली,
एक ग्राहक, पुणे

सोबत: पावती, ॲपवरील नोंदीची प्रत, जखमेचे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी