आपल्या पेपरातल्या दुकानांच्या जाहिराती एपीआयने खुल्या करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घरी आजोबांपासून तुमचाच पेपर येतो. मी सॉफ्टवेअर लिहितो, कोल्हापुरात शाहूपुरीत दोन खोल्यांचं ऑफिस आहे, आम्ही चौघं आहोत आणि बहुतेक काम दुकानांच्या बिलिंगचं नाहीतर स्टॉकचं. आजपर्यंत कधी पत्र लिहिलं नाही, आज लिहितोय ते बातमीबद्दल नाही तर तुमच्या पेपरात येणाऱ्या जाहिरातींबद्दल.

२२ सप्टेंबर २०२५ आठवा, घटस्थापना आणि जीएसटीचे नवे दर एकाच दिवशी आले. मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले आणि त्या आठवड्यात तुमचा पेपर हातात घेतला की जड लागायचा, पानंच्या पानं जाहिराती, वर आत घातलेली पॅम्प्लेटं वेगळी. आईला टीव्ही घ्यायचा होता. तिने चार जाहिराती कापून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवल्या आणि आम्ही दोघं दोन दुपारी त्या समोर ठेवून बसलो, पण तुलना करायची कशी? एकात पूर्ण किंमत, दुसऱ्यात नुसता महिन्याचा हप्ता, तिसऱ्यात जुना टीव्ही द्याल तर इतकी सूट, चौथ्यात किंमतच नाही, मोठ्या अक्षरात टक्के आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात अटी लागू. शेवटी एका शोरूमला गेलो तर ती ऑफर फक्त पहिले दोन दिवस होती म्हणे, जाहिरातीत तसं कुठेच लिहिलं नव्हतं. आणि टीव्ही घेऊन घरी आल्यावर रद्दीत एक पॅम्प्लेट सापडलं, लक्ष्मीपुरीतल्या एका छोट्या दुकानाचं, तोच मॉडेल, कमी किमतीत. आई काही बोलली नाही पण तिला वाईट वाटलेलं मला दिसलं.

आता मुद्दा असा की पेपरात छापलेल्या जाहिरातींची माहिती तुमच्या ऑफिसात आदल्या दिवशीच आलेली असते. एजन्सीकडून रिलीज ऑर्डर म्हणजे जाहिरात छापायची ऑर्डर येते, मटेरियल येतं, दुकानाचं नाव, तारीख, साइज सगळं तुमच्या कॉम्प्युटरवर चढतं. मग ते छापलं जातं, एक दिवस जगतं आणि दुसऱ्या दिवशी रद्दी. इतकी माहिती रोज तयार होते, दुकानदार तिच्यासाठी पैसे मोजतो, आणि ती कुणालाही शोधता येत नाही. माझी विनंती एवढीच आहे की ही माहिती दुकानदाराच्या परवानगीने आमच्यासारख्या सॉफ्टवेअर करणाऱ्यांना एपीआयमधून द्या, म्हणजे आमच्या प्रोग्रामला तुमच्या कॉम्प्युटरकडून थेट माहिती मागता येईल अशी सोय करा.

एपीआय हा शब्द सगळ्या वाचकांना माहीत असेलच असं नाही म्हणून एक उदाहरण देतो. केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन या साइटवर देशभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव असतात, शेतमालाचं नाव, बाजार, कमीत कमी भाव, जास्तीत जास्त भाव, सर्वसाधारण भाव. मी तिथे नाव नोंदवून एक ‘की’ म्हणजे पासवर्डसारखी किल्ली घेतो, माझा प्रोग्राम ती किल्ली दाखवून विचारतो आणि समोरून ठरलेल्या रचनेत उत्तर येतं, मग मी त्याचं ॲप करो, आलेख काढो की शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज पाठवो. म्हणजे लासलगावचा कांद्याचा भाव मला कोल्हापुरात बसून चार ओळींच्या कोडमध्ये मिळतो, आणि माझ्या ऑफिसपासून चालत जाता येईल अशा महाद्वार रोडवर आज कुठल्या दुकानात साड्यांवर सूट आहे हे मात्र मिळत नाही.

तुमचा ई-पेपर आहेच की असं कुणी म्हणेल. पण ई-पेपर म्हणजे पानाचा फोटो. त्यातली जाहिरात डीटीपीवाल्याने कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली असते, मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये, तो कॉपी केला तर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, भलतीच अक्षरं उमटतात, आणि बऱ्याचदा तर अक्षरांचे कर्व्ह केलेले असतात म्हणजे मजकूर उरतच नाही, नुसतं चित्र. फोटोवरून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर आम्ही लावून बघितलंय. छापील पुस्तकाचं मराठी पान ते बऱ्यापैकी वाचतं पण जाहिरातीत पिवळ्यावर लाल अक्षरं, तिरकी पट्टी, खोडलेली जुनी किंमत आणि शेजारी नवी, तिथे ते पार गोंधळतं आणि किंमतच चुकली तर बाकीचं बरोबर असून काय उपयोग.

म्हणून दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आम्ही हाताने टाइप करून बघितलं. रोज सकाळी पेपर आणि पॅम्प्लेटं घ्यायची, दुकान, वस्तू, किंमत, कधीपर्यंत, हे सगळं भरायचं, आणि एका साध्या वेबपेजवर टाकायचं. गल्लीतले लोक खरंच बघायचे, फोन करून विचारायचे की आजचं अजून का नाही टाकलं. अठराव्या दिवशी बंद केलं. एका जाहिरातीला सात-आठ मिनिटं जायची, स्वतःची कामं पडून राहिली आणि आम्ही टाकेपर्यंत काही ऑफर संपलेल्या असायच्या. लोकांना नको होतं म्हणून नाही, तर माहिती मिळवण्यातच सगळा जीव जात होता म्हणून ते बंद पडलं हे मला मनापासून सांगायचंय.

दुसरीकडे काय झालंय ते बघा. इस्राएलमध्ये २०११ ला कॉटेज चीजच्या भाववाढीवरून लोक चिडले, बहिष्कार घातला, मग महागाईवर मोठं आंदोलन झालं, त्यानंतर २०१४ ला कायदा आला आणि २०१५ च्या मे महिन्यापासून मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांना प्रत्येक शाखेतले भाव आणि प्रत्येक शाखेतल्या ऑफर इंटरनेटवर कॉम्प्युटरला वाचता येतील अशा फाइलमध्ये टाकणं सक्तीचं झालं. भावांची फाइल वेगळी, ऑफरची वेगळी. त्यावर तिथल्या डेव्हलपर लोकांनी तुलनेची ॲप केली. इताय आतेर आणि ओरेन रिगबी या दोन अर्थतज्ज्ञांनी अभ्यास केला तर भाव सरासरी ४ ते ५ टक्के उतरल्याचं दिसलं, आणि संपादक साहेब तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढेच आहे, त्यात माध्यमांचा मोठा वाटा होता. पत्रकारांनी तो डेटा घेऊन कुठलं दुकान स्वस्त याच्या बातम्या केल्या आणि स्वस्त साखळ्यांनी त्याच बातम्या आपल्या जाहिरातीत वापरल्या. म्हणजे डेटा खुला झाला म्हणून जाहिराती बंद झाल्या नाहीत.

जर्मनीत पेट्रोल पंपांना २०१३ पासून भाव बदलला की लगेच सरकारी यंत्रणेला कळवावा लागतो आणि तो पुढे ॲपवाल्यांना मिळतो, टांकरकोनिग नावाच्या सेवेचा एपीआय तर फुकट आहे. आपल्याकडे सरकारच्या पुढाकाराने सुरू झालेली ओएनडीसी ही ऑनलाइन खरेदी-विक्रीची खुली यंत्रणा आहे, चांगली सुरुवात आहे, तिचे नियम खुले आहेत, पण ती ऑनलाइन ऑर्डर देण्या-घेण्यासाठी आहे. माझ्या आईला ऑर्डर द्यायची नव्हती, दुकानात जाऊन टीव्ही बघूनच घ्यायचा होता, फक्त कुठल्या दुकानात जायचं ते कळायला हवं होतं.

काही शंका तुमच्या जाहिरात विभागाच्या मनात येणारच. पहिली, जाहिरात फुकट वाटली तर दुकानदार पैसे का देईल. माझा रोजचा वावर दुकानदारांमध्येच आहे, ते जाहिरात देतात गिऱ्हाईक दारात यावं म्हणून. आज पेपरात दिलेली जाहिरात उद्या, परवा, ऑफर असेपर्यंत लोकांच्या मोबाईलवर दिसत राहिली तर त्यांना ते हवंच आहे, उलट तुमच्या जाहिरात प्रतिनिधीला सांगायला एक गोष्ट वाढेल. शिवाय छोट्या दुकानदाराला फेसबुकवर जाहिरात चालवायची तर माणूस लावावा लागतो, पेपरची मात्र त्याला सवय आहे.

दुसरी शंका चुकीची माहिती गेली तर जबाबदार कोण. यासाठी माहिती दुकानदाराकडूनच जाहिरात बुक करताना घ्यायची, फॉर्ममध्ये फक्त काही रकाने वाढवायचे, वस्तू, मॉडेल, पूर्ण किंमत, ऑफर कधीपासून कधीपर्यंत, अटी काय. कधीपर्यंत हा रकाना तर सक्तीचाच ठेवा. त्याने सही केली की छापील जाहिरात आणि डेटा एकच. तिसरी गोष्ट खासगीपणाची, तर यात कुठल्याही वाचकाची माहिती नसावी, कोणी काय बघितलं, काय शोधलं, काहीच नको, नुसतं दुकान आणि त्याची ऑफर.

आणि जुना डेटा पुसू नका अशी वेगळी विनंती आहे. युरोपात २०२२ पासून नियम आहे की सूट दाखवायची तर जुनी किंमत म्हणून मागच्या ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवायची. आपल्याकडे २०२२ लाच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींवर मार्गदर्शक सूचना काढल्या, गिऱ्हाईक ओढण्यासाठी टाकलेल्या आमिषाच्या जाहिरातींबद्दलही त्यात आहे. पण दिवाळीला ५० टक्के सूट म्हणून लिहिलेली वस्तू गणपतीत कितीला होती हे ग्राहकाने सिद्ध कसं करायचं? तुमच्याकडे तारीखवार नोंद राहिली तर बघता येईल, आणि प्रामाणिक दुकानदारालाही आपली सूट खरी आहे हे दाखवता येईल.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं माझ्याकडे प्रोजेक्टसाठी येतात, अमेरिकेतल्या कुठल्यातरी स्टोअरचा डेटा डाउनलोड करून त्यावर काम करतात कारण आपल्या गावचा काहीच मिळत नाही. त्यांना राजारामपुरीतला खरा डेटा मिळाला तर ती काय काय करतील, डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना ऑफर वाचून दाखवणारं काहीतरी, महिन्याच्या किराणाची यादी टाकली की कुठे काय घ्यावं सांगणारं, मलाही सुचलं नसेल असं बरंच. लंडनच्या गार्डियनने २००९ मध्ये आपला मजकूर बाहेरच्या डेव्हलपरना एपीआयमधून दिला, न्यूयॉर्क टाइम्सने २००८ पासून असे एपीआय काढले. पेपरवाल्यांनी असं करणं नवीन नाही, दुकानांच्या जाहिरातींचं असं काही मराठीत कुणी करायचं असेल तर ते तुम्ही करावं असं मला वाटतं.

सगळ्या आवृत्त्यांत एकदम नको. फक्त कोल्हापूर शहर, फक्त राजारामपुरी आणि महाद्वार रोडवरची जी दुकानं हो म्हणतील तेवढीच, आणि गणपती ते दिवाळी एवढाच काळ. रकान्यांची यादी मी मराठीत तयार करून ठेवली आहे, सर्व्हरचं आणि कोडचं काम आम्ही चौघं पैसे न घेता करून देऊ, कोडही सगळ्यांसाठी खुला ठेवू. तुमच्या जाहिरात विभागातल्या कुणी अर्धा तास दिला तर मी लॅपटॉप घेऊन येतो, सोमवारी बाजारपेठ बंद असते तेव्हा दोन-तीन दुकानदारांनाही सोबत आणता येईल, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय आणि ते तयार आहेत.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर