डिस्चार्जचा कागद फोनवर ऐकून घेणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव आम्हाला माहीत नाही. विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर तुम्ही आम्हाला भेटलात, पण क्लेमच्या मंजुरीच्या पत्रावर फक्त केस क्रमांक होता, म्हणून हे आभार असे उघड पत्रातून.

परदेशात स्थायिक झालेल्यांच्या विम्याचे कागद तपासून देणं हे आमचं रोजचं काम. अशी माणसं महिनाभरासाठी मायदेशी येतात आणि आजारी पडली की विम्याच्या हिशेबात धड इकडची राहत नाहीत ना तिकडची. राहत्या देशातला आरोग्यविमा बहुधा सीमेपलीकडे चालत नाही. मायदेशातल्या सरकारी आरोग्यसेवेतला हक्क रहिवास सुटल्यावर अनेकदा गेलेला असतो. उरते प्रवास विम्याची पॉलिसी, आणि तिच्यात 'मायदेश' या शब्दाची व्याख्या काय केली आहे यावर सगळं अवलंबून. काही पॉलिसींत मायदेश म्हणजे पासपोर्टचा देश, काहींत कायम वास्तव्याचा. पहिली व्याख्या असेल तर नेमक्या याच भेटीतला उपचार वगळलेला असतो, फार तर थोड्या दिवसांपुरता आणि कमी रकमेचा बसतो. पहिल्या पानावर 'जगभर संरक्षण' छापलेलं असलं तरी.

आमच्याकडे आलेल्या अशाच एका रुग्णाला पॉलिसी विकणाऱ्याने दोनच प्रश्न विचारायला हवे होते: पासपोर्ट कुठला आणि राहता कुठे. त्याने वय आणि प्रवासाच्या तारखा विचारून पैसे घेतले. हेल्पलाइनवर तुमच्या आधी बोललेल्या दोघांनी 'सगळं कव्हर आहे' असं तोंडी सांगितलं, पण तेच ईमेलवर लिहून द्यायला तयार होईनात. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना अशी टोलवाटोलवी झाली, त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी कलम उघडून वाचलंत. या पॉलिसीत मायदेश म्हणजे वास्तव्याचा देश, त्यामुळे उपचार बसतात, हे कलमाच्या क्रमांकासह लिहून पाठवलंत. रुग्णाला हलवायची वेळ आलीच तर 'घरी पाठवणं' याचा अर्थही तोच देश, हे न विचारता सांगितलंत.

पण हे पत्र तुमच्या एका वाक्यासाठी आहे: "डिस्चार्जचा कागद हातात आला की घरी निघण्याआधी मला वाचून दाखवा."

तीन पानं तुम्ही फोनवर ऐकलीत, औषधांच्या डोससकट. दुसऱ्या पानावर पूर्वेतिहासात होतं: 'उच्च रक्तदाब, काही वर्षांपासून, औषधं अनियमित.' तिथे तुम्ही थांबवलंत.

ही ओळ बहुतेक वेळा अशीच येते. दाखल करताना घाबरलेलं नातेवाईक अंदाजाने काहीतरी सांगतं, ड्यूटीवरचे डॉक्टर ते टिपून घेतात आणि शेवटच्या कागदात ते जसंच्या तसं उतरतं. क्लेम तपासणारा मात्र पहिल्यांदा तीच ओळ शोधतो. आधीपासूनचा आजार धरायला तयार असलेल्या पॉलिसीसुद्धा तो प्रवासाआधी ठरावीक काळ 'स्थिर' असल्याची अट घालतात, कुठे ६० दिवस, कुठे ९०, कुठे १८०. त्या मुदतीत नवं औषध सुरू झालं किंवा डोस वाढला तर अट मोडली. कित्येक पॉलिसींत डोस कमी केला तरी मोडते, आणि हे लोकांना खरंच वाटत नाही. अशा अटीपुढे 'औषधं अनियमित' हे दोन शब्द सगळा क्लेम नाकारायला पुरेसे ठरू शकतात.

तुम्ही काही लपवायला सांगितलं नाहीत, ही गोष्ट आम्हाला सगळ्यात मोठी वाटते. जुन्या चिठ्ठ्या डॉक्टरांना दाखवा आणि जे खरं आहे तेच लिहून घ्या, एवढंच म्हणालात. चिठ्ठ्यांवर १४ महिने एकच गोळी, एकच डोस. डॉक्टरांनी ओळ दुरुस्त करून सही, तारीख, शिक्का दिला. हेच आठवड्याने, क्लेम अडकल्यावर मागितलं असतं तर दुरुस्ती खरी असूनही संशयास्पद दिसली असती.

बाकी तुम्ही भराभर सांगितलंत. बिल बाबवार हवं, एकरकमी पॅकेजचं नको. औषधांच्या पावत्यांना चिठ्ठ्या जोडा. विमानतळावर स्वयंचलित गेटमधून आला असाल तर पासपोर्टवर शिक्का नसेल, तेव्हा बोर्डिंग पास जपा, नाहीतर प्रवास कधी सुरू झाला हे सिद्ध करणं कठीण जातं.

तो कागद ऐकणं तुमचं काम नव्हतं. क्लेम नाकारला गेला असता तरी तुम्हाला कुणी जाब विचारला नसता. खुर्चीपुरतं काम करून मोकळं होता येत असताना समोरच्याचा कागद आपलाच समजून वाचणारी माणसं आहेत, म्हणून घरापासून लांब राहणाऱ्यांचं निभावतं. अशा माणसांची नावं कुठल्याच पत्रावर छापत नाहीत, याचं आम्हाला वाईट वाटतं.

आता आमच्याकडे कुणी रुग्णालयातून फोन केला की आम्हीही डिस्चार्जच्या दिवशी विचारतो, "पूर्वेतिहासात काय लिहिलंय? सावकाश वाचा, आम्ही ऐकतोय."

तुमचे ऋणी