कोयत्याचे माप आणि काडतुसाचे बूड

महोदय,

नाशिक शहरात कुठे गोळी झाडली गेली किंवा पोरे कोयते नाचवत गल्लीतून फिरली की दुसऱ्या दिवशी दोन मागण्या ऐकू येतात. सामान्य माणसाला शस्त्रपरवाना सहज द्या, तो आपले बघून घेईल, ही एक. आहेत तेही परवाने रद्द करा, ही दुसरी. दोन्हींमागची भीती खरी आहे. पण पंचवटी, सातपूर, अंबड, सिडको, नाशिक रोड या भागांतल्या गुन्ह्यांच्या बातम्या बारकाईने वाचल्या, तर नाव येते ते कोयत्याचे, चॉपरचे, नाहीतर गावठी कट्ट्याचे. परवान्याच्या बंदुकीचे क्वचितच. कोयता आणि कट्टा यांच्यासाठी कायद्यात शिक्षा कमी नाही. आरोपी सुटतात ते बऱ्याचदा कागदातल्या चुकांमुळे, आणि त्या चुका नेमक्या कुठे होतात हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी कोयता. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. धारदार हत्यारांचे माप त्यात दिले आहे : पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद. त्याच ओळीत अपवादही आहे. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे यातून वगळली आहेत. ऊसतोडीचा कोयता तर उघडच शेतीचे अवजार. आता पंचनाम्यात ‘पाचशे रुपये किमतीचा एक लोखंडी धारदार कोयता, त्यास लाकडी मूठ’ एवढेच लिहिले असेल, तर उलटतपासात पहिला प्रश्न येतो, ‘पाते मोजले होते का?’ दुसरा येतो, ‘असा कोयता बाजारात कुठल्याही शेतकऱ्याला मिळतो, हे खरे आहे का?’ पंच ‘हो’ म्हणतो आणि खटल्याची हवा निघून जाते.

पंचनाम्याला पाच मिनिटे जास्त द्यावी लागतात, इतकेच. पोलादी टेपने एकूण लांबी, मुठीची लांबी, मुठीपासून टोकापर्यंत पात्याची लांबी आणि पाते जिथे सर्वांत रुंद आहे तिथली रुंदी, अशी चार मापे वेगवेगळी लिहावीत. धार एका बाजूला की दोन्ही, टोक वाकडे की सरळ, मुठीला चिकटपट्टी किंवा कापड गुंडाळले आहे का, हेही यावे. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हत्यार कुठे, किती वाजता, कसे बाळगलेले सापडले. रात्री साडेअकराला, दुचाकीवर, शर्टाच्या आत पाठीला खोचलेला कोयता आणि सकाळी उसाच्या फडाकडे निघालेल्या मजुराच्या हातातला कोयता, यांतला फरक लोखंडात नाही, परिस्थितीत आहे. ती परिस्थिती कागदावर उतरली नाही तर गुंड सुटतो, आणि उद्या निफाडच्या एखाद्या ऊसतोड कामगाराला विनाकारण अडकवणेही तितकेच सोपे होते. माझ्या मते हक्कांचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ बाबत आणखी एक गोष्ट. धारदार हत्यारांसाठीचे हे कलम सरकारने अधिसूचना काढून ठरवलेल्या क्षेत्रालाच लागू होते. ती अधिसूचना दोषारोपपत्राला जोडलेली हवी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा मनाई आदेशही तसाच. तो साधारण पंधरा दिवसांचा असतो, पुन्हा पुन्हा काढला जातो. घाईत मागच्या पंधरवड्याचा आदेश जोडला गेला, तर तो मोडल्याचा कलम १३५ चा आरोप जागीच कोसळतो.

कोयते बाळगणाऱ्यांत अठरा वर्षांखालची मुले सापडतात. त्यांना पुढे करणारा मोठा माणूस मात्र फिर्यादीत दिसत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ८३ नुसार मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. हे कलम लावण्यासाठी मुलाला हत्यार कोणी दिले, पैसे कोणी पुरवले, जामिनाची धावपळ कोणी केली, हे तपासावे लागते.

आता कट्टा. सातपुड्यात, चोपडा तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टी गावाचे नाव कट्टे बनवण्याच्या प्रकरणांत वर्षानुवर्षे येते. तिथून सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव आणि नाशिक असा मुंबई-आग्रा महामार्ग सरळ आपल्या दारात येतो. तिथल्या सगळ्या लोकांना गुन्हेगार समजणे चूक आहे; सिकलगर समाजाच्या हातात धातूकामाचे पिढ्यांचे कसब आहे आणि त्याला रीतसर काम मिळाले असते तर चित्र वेगळे असते. पण हा पुरवठा आहे, हे नाकारून चालणार नाही.

कारखान्यातली बंदूक विक्रीआधी दाबाच्या चाचणीतून जाते, तिच्यावर तसा शिक्का असतो. कट्ट्याला ती चाचणी नाही. नळीचे पोलाद कुठले, हे कोणाला माहीत नसते. काडतूस नीट बसत नाही, घोडा सैल असतो, खाली पडला तरी बार उडू शकतो, आणि कधी नळी हातातच फुटते. म्हणून ‘स्वसंरक्षणासाठी घेतला’ म्हणणाऱ्या तरुणाने आधी स्वतःच्या बोटांचा विचार करावा.

यापेक्षाही मोठा मुद्दा काडतुसाचा आहे. कट्टा पत्र्याच्या शेडमध्ये बनतो. चांगले काडतूस तसे बनत नाही. त्याला पितळी पुंगळी, बुडातली ठिणगीची टोपी आणि मोजकी दारू लागते, आणि हे कारखान्याचे काम आहे. म्हणजे बेकायदा हत्यारात शिरणारी बरीचशी काडतुसे कुठेतरी कायदेशीर साखळीतूनच गळतात. पकडलेल्या काडतुसाच्या बुडावर अनेकदा ‘केएफ’ आणि ७.६५ असे कोरलेले असते. केएफ ही खडकीच्या दारूगोळा कारखान्याची आद्याक्षरे. ती खरी की बनावट, हे प्रयोगशाळेने सांगावे. पण पंचनाम्यात ‘दोन जिवंत काडतुसे’ एवढेच लिहून थांबू नये. प्रत्येक काडतुसाच्या बुडावरची अक्षरे जशीच्या तशी उतरवावीत. लॉट क्रमांक काडतुसावर नव्हे, डब्यावर असतो, त्यामुळे झडतीत रिकामा डबा सापडला तर तो कचरा नव्हे, मुद्देमाल आहे. त्यावरून कोणत्या विक्रेत्याकडे माल गेला हे काढता येते. विक्रेत्याला प्रत्येक विक्री परवाना क्रमांकासह नोंदवहीत लिहावी लागते आणि परवान्यावरही नोंद करावी लागते. या दोन नोंदी समोरासमोर ठेवून तपासणे हे दोन कारकुनांचे काम आहे. नाशिक शहर आणि ग्रामीण मिळून दर तिमाहीला एवढे झाले, तरी गळती कुठे आहे ते दिसू लागेल.

कट्टा हाती लागल्यावर काय बिघडते, तेही पाहू. वर्तमानपत्रांत येणारा तो नेहमीचा फोटो आठवावा : टेबलावर ओळीने मांडलेले कट्टे, मागे पथक. मांडण्यासाठी हत्यार चार हातांतून गेलेले असते आणि त्यावरचे बोटांचे ठसे तिथेच पुसले जातात. आधी हत्यार रिकामे करावे, ठसे घ्यावेत, हत्यार आणि काडतुसे वेगवेगळ्या पाकिटांत घालावीत, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आत ठेवून लाखेचे सील करावे, सीलचा नमुना कागदावर घ्यावा. फोटो सीलबंद पाकिटाचा काढावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक आहे. ते झडतीच्या आधीपासून सुरू हवे. हत्यार गाडीच्या बॉनेटवर ठेवल्यानंतर कॅमेरा सुरू केला तर त्याचा उपयोग आरोपीलाच होतो.

मग येते शस्त्र अधिनियमाचे कलम ३९. विनापरवाना बंदुकीचा खटला जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय चालत नाही. आयुक्तालयाच्या हद्दीत हे अधिकार पोलीस आयुक्तालयातील अधिकारी वापरतात. छापील मजकुरात नाव भरून दिलेली मंजुरी न्यायालयात टिकत नाही. हत्यार चालू स्थितीत असल्याचा अहवाल पाहिला, कागद वाचले, म्हणून मंजुरी देत आहे, असे आदेशातून दिसले पाहिजे. अहवाल नंतरच्या तारखेचा आणि मंजुरी आधीची, असे झाले तर पुढचे सांगायला नको.

शिक्षेचे गणितही लोकांना माहीत असावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान दोन, कमाल पाच वर्षे. बनवणे आणि विकणे यासाठी मात्र किमान सात वर्षे ते जन्मठेप. आपल्याकडे खटला कट्टा बाळगणाऱ्या पोरापाशी थांबतो आणि विकणारा ‘अनोळखी इसम’ म्हणून राहतो. फोनवरचे कॉल, पैशाचे ऑनलाइन व्यवहार, बसची तिकिटे, टोलनाक्यावरचे चित्रण, हे सगळे पहिल्या आठवड्यातच गोळा करावे लागते. नंतर ते मिळत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरात पकडलेल्यांच्या तोंडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणवून घेतलेल्या चित्रफिती घरोघरी पोहोचल्या. लोकांना हायसे वाटले, ते मी समजू शकतो. पण पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, मग कॅमेऱ्यासमोरची घोषणा कशी ठरेल? दोष सिद्ध होण्याआधी कोणाची धिंड काढणे हे त्याच्या हक्कांवर घाव घालणारे आहेच, शिवाय बचावाला आयता मुद्दा देणारेही आहे. तेवढेच श्रम पंचनाम्यावर घालावेत.

‘शस्त्र बाळगणे हा आमचा हक्क’ म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद मी हलका मानत नाही. इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याने देश निःशस्त्र केला, ही सल या गावात तरी कोणाला समजावून सांगायला नको. २१ डिसेंबर १९०९ रोजी इथल्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून चोरून आलेले होते. १९३१ च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. पण डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना मांडली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने तो हक्क आहे, आणि २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बंदूक घेऊन फिरण्यासाठी ‘खास कारण’ मागणारा न्यूयॉर्कचा कायदा रद्द केला. त्याच देशात २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसे मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. घरात बंदूक आणताना आपण चोराचा विचार करतो. घरातल्या खचलेल्या माणसाचा करत नाही.

आपल्याकडे परवाना हा हक्क नाही, पण परवान्याच्या अर्जावर न्याय्य निर्णय मिळणे हा हक्क नक्कीच आहे. अर्ज ए-१ नमुन्यात करायचा, शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. सोबत वैद्यकीय आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. पोलीस ठाण्याचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा कायद्याने अधिकाऱ्याला दिली आहे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, हे शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. नकार आला तर लेखी कारणे मागावीत आणि कलम १८ खाली अपील करावे. निवडणुकीत सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करून घेणेही योग्य नाही. छाननी समितीने प्रत्येकाचा विचार करून आदेश द्यायचा असतो.

परवानाधारकांनाही एक सांगणे आहे. पिस्तुलाचे मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नाही. एक गोळी नळीच्या मागच्या घरात बसलेली असू शकते, आणि साफ करताना होणारे बरेच अपघात त्याच गोळीचे. आधी मॅगझीन काढायचे, मग स्लाइड मागे ओढून ते घर डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. बिबट्याच्या भीतीने दिंडोरी, निफाड, सिन्नर भागांत बंदुकीची मागणी होते. पण अंधारात झाडलेल्या छर्ऱ्यांनी बिबट्या मरत नाही, जखमी होतो, आणि जखमी बिबट्या वस्तीच्या आसपासच राहतो. तिथे पिंजरा, दिवे आणि गोठ्याला पक्के दार यांवर आधी खर्च व्हावा.

२०२७ च्या सिंहस्थापूर्वी एक गोष्ट आयुक्तालयाने आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने आत्ताच करावी. मिरवणुकीत आखाड्यांचे साधू तलवारी, भाले, त्रिशूळ घेऊन येतात. त्या काळातल्या मनाई आदेशात हा अपवाद कोणासाठी, कोणत्या मार्गावर, कोणत्या दिवशी, हे शब्दांत लिहिलेले असावे. तसे नसेल, तर गर्दीत कोयता घेऊन सापडलेल्या प्रत्येकाचा वकील तोच आदेश न्यायालयापुढे धरेल.

आपला,
फौजदारी न्यायालयांत काम करणारा एक वकील,
शरणपूर रस्ता, नाशिक